खाऱ्या वाऱ्यातली जाळी

सासूच्या पाठीवर लाल पुरळ उठलं तेव्हा नोबुएला आधी वाटलं, नव्या साबणानं झालं असेल. तिनं साबण बदलला. चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या आणि समुद्राकडच्या दोरीवर कडक उन्हात वाळवल्या. पुरळ हटेना. गुरुवारी मिनागावा नर्स आली. ती दर आठवड्याला फेरीबोटीनं बेटावर येई आणि अंथरुणाला खिळलेली सहा-सात म्हातारी माणसं तपासून संध्याकाळच्या बोटीनं परत जाई. तिनं नोबुएच्या सासूला, तोमेबाईंना, कुशीवर वळवलं, चष्मा कपाळावर सरकवून पाठ जवळून पाहिली. मग मान वर करून छताकडे पाहिलं.

छताच्या फळ्यांवर चहाच्या रंगाचा डाग होता. मागच्या महिन्यात ताटलीएवढा होता, आता परातीएवढा झाला होता. खोलीत उग्र वास होता. नोबुएला तो रोजच्या सवयीनं येत नव्हता. नर्सनं नाकाला रुमाल लावला तेव्हा एकदम आला, आणि तिचे कान गरम झाले.

"वर काय आहे?" नर्सनं विचारलं.

"पाव्हणे आहेत," तोमेबाई अंथरुणातून म्हणाल्या. चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या. कमरेखालचं अंग गेलं होतं, पण जिभेला काही झालेलं नव्हतं. "संध्याकाळी कामाला जातात, पहाटे घरी येतात. माझ्या पोरापेक्षा वक्तशीर आहेत."

"उदमांजर आहे," नोबुए खालच्या आवाजात म्हणाली. "या वर्षी बेटावर फार झालीत. संत्री खाऊन जातात."

"त्याच्या अंगावरच्या बारीक किड्यांनी चावे घेतलेत ते. या वयात अशी कातडी फुटली की भरून येत नाही." नर्सनं बॅग बंद केली. "बाई, मी तुमच्यावर रागवत नाही. तुम्ही किती करता ते मी बघते. पण पुढच्या गुरुवारी छत असंच असलं तर मला लिहून द्यावं लागेल. पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी आहे."

तोमेबाईंनी डोळे मिटून घेतले. नर्स गेल्यावर म्हणाल्या, "मला बोटीत घातलंत ना, तर मधेच उडी मारीन."

"तुम्हाला उठून बसता येत नाही, आई. उडी कुठून मारणार?"

"तू ढकल मग."

नोबुएचा नवरा किसाबुरो ओसरीवर बसून सगळं ऐकत होता. बहात्तर वर्षांचा गडी. चाळीस वर्षं जहाजाच्या कारखान्यात पत्रे जोडणाऱ्यांच्या टोळीचा मुकादम होता. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय कसाबसा परतला, डावा हात मात्र खांद्यापासून लोंबकळतच राहिला. त्याचा दरारा घरात मात्र तसाच उरला होता, हुकूम सोडायची सवयही.

"वळचणीला जाळी आहे," तो म्हणाला. "मी स्वतः लावलीय. स्टेनलेसची. ती तोडून कोण आत जातंय?"

"मग मी बघते चढून."

"तू कशाला?"

"मग कोण चढणार?"

तो उठला आणि उजव्या हातानं शिडीचा खालचा दांडा धरून उभा राहिला.

नोबुए चौसष्ट वर्षांची होती. सकाळी सहापासून ती उतारावरच्या बागेत संत्री तोडत होती. मान आखडली होती, बोटांना सालीचा कडवट चीक लागला होता. ती एक एक पायरी मोजत चढली. उत्तरेच्या वळचणीखाली जाळी एका कोपऱ्यावर लोंबत होती. जाळी मात्र चकचकीत होती. तार कुठं कुरतडलेली नव्हती, गंजलेली नव्हती. तिनं जाळीला हात लावला तर आणखी दोन खिळे आपसूक निसटले. एक बोटात धरून दाबला तर बिस्किटासारखा त्याचा तांबडा भुगा झाला. दुसरी बाजूही तशीच, तिसरीही. फटीच्या कडेला करडे केस अडकलेले होते.

तिनं पाच-सहा खिळे खिशात टाकून खाली आणले आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवले. किसाबुरोनं त्यातला एक अंगठ्यानं उलटवला.

"खारा वारा आहे इथला," तो म्हणाला, आणि खिळे ओसरीच्या कठड्यावर ठेवून आत गेला.

शुक्रवारी दुपारी नोबुए बंदराजवळच्या इशिझाकीच्या दुकानात गेली. इशिझाकी पूर्वी किसाबुरोच्याच टोळीत होता. कारखाना बंद पडल्यावर त्यानं इथं छपराच्या पन्हळी, बोटींचे कठडे, धुराडी असलं काम सुरू केलं. पंधरा वर्षं झाली. पण किसाबुरो एकदाही त्याच्या दुकानात गेला नव्हता. काही लागलं तर फेरीनं पलीकडच्या गावात जाई. का, ते नोबुएनं कधी विचारलं नव्हतं.

"वहिनी! या, या. मुकादम कसे आहेत?"

"बसून हुकूम सोडतात. बरे आहेत." तिनं काम सांगितलं. "मला सांगा, काय लावलं की परत बघायला नको? मला दरवर्षी शिडी चढायला जमणार नाही."

इशिझाकीनं तिला दुकानाच्या मागच्या भिंतीशी नेलं. भिंत समुद्राकडे तोंड करून होती; भरतीच्या वेळी तुषार थेट तिच्यावर येत. तिथं एका लाकडी चौकटीवर हातभर लांबीचे जाळ्यांचे तुकडे टांगलेले होते आणि प्रत्येकाखाली रंगानं वर्ष लिहिलेलं होतं.

"लोकांना सांगून पटत नाही, म्हणून टांगून ठेवलेत. ही बघा, कोंबड्यांच्या खुराड्याची. तीन वर्षांत गेली." त्यानं जाळी मुठीत धरली, ती वाळल्या पानासारखी चुरगळली. "ही जस्ताचा हात दिलेली, जरा जाड. आतल्या गावांत वीस वर्षं टिकेल. इथं बघा, आधी पांढरी भुकटी धरली, आता तांबडी झाली. हा ॲल्युमिनियम, गंजत नाही तसा, पण मऊ पडतो. अंगठ्यानं वाकवा. तुमच्या अंगठ्यानं वाकतो, तर उदमांजराच्या पंजानं वाकणारच."

"आणि हे?"

"हे स्टेनलेस. पण त्यातही दोन जाती असतात. भांड्यांचं आणि बोटींचं. भांड्यांचं स्वस्त पडतं, पण त्याला असे डाग पडतात. बोटींचं घ्या. चौदा वर्षं टांगलेलं आहे, एकदा फडकं मारलं की झालं."

"अख्खा पत्राच ठोकला तर?"

"वारा कोंडेल, वहिनी. वासे कुजतील. मग उदमांजर परवडलं म्हणाल. जाळीच हवी, भोक बोटाच्या पेराएवढं. जनावराला डोकं घालता आलं की सगळं अंग येतं, म्हणून डोकंच घालता येता कामा नये. आणि कड मोकळी सोडायची नाही. ते चावत नाही, पंजा घालून ओढतं. कड दुमडून घ्यायची, वर पट्टी, आणि वीत-वीत अंतरावर स्क्रू."

नोबुएनं खिशातून एक खिळा काढला. "आधीची जाळी चांगली होती. हे असं झालं."

इशिझाकीनं खिळा घेतला. त्याचं हसू थोडं थांबलं. त्यानं खिळा उलटापालटा केला, नखानं खरवडला.

"कुणी मारला हा?"

"यांनीच. सात वर्षं झाली."

"हं," तो म्हणाला. स्क्रूंचा डबा काढून त्यानं मोजून दिले, वर मूठभर जास्त टाकले. "स्क्रूही त्याच जातीचे घ्या. जाळी एका धातूची आणि खिळा दुसऱ्या, असं झालं की दोघांतला हलका तो खाल्ला जातो. समुद्राची हवा लागली की फारच लवकर. रविवारी मी येऊ का लावायला?"

इशिझाकी यायला तयार आहे, असं नोबुएनं घरी येऊन सांगितलं. किसाबुरो ताडकन म्हणाला, "तो माझ्या छपराला हात लावणार नाही."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही."

"मग मी लावीन. पण मला वरून ओरडलात तर खाली येऊन तुमच्या डोक्यात डबा घालीन."

"वरून तू ओरडशील. मी खालीच असणार आहे."

शनिवार-रविवार दोघं राबली. पहाटे उठून तोमेबाईंचं अंग पुसायचं, पेज भरवायची, बागेत दहा क्रेट संत्री तोडून रुळावरच्या छोट्या गाडीनं खाली आणायची, आणि मग शिडी. किसाबुरोनं अंगणात लाकडी ठोकळा ठेवला, जाळीचा तुकडा पायाखाली दाबला आणि एका हातानं हातोडी चालवून कड दुमडू लागला. पहिल्या दोन कडा वाकड्या आल्या. त्यानं त्या उलगडल्या, परत सरळ केल्या, परत दुमडल्या. जाळीच्या टोकांनी त्याच्या घोट्याला ओरखडे पडले. मोज्यावर रक्ताचे ठिपके दिसले, पण तो थांबला नाही. तिसरी कड पट्टीनं आखल्यासारखी आली.

वर नोबुएची वेगळीच कसरत चाललेली. मान मागे टाकून दोन्ही हात डोक्यावर धरायचे, जुन्या लाकडाचा भुसा डोळ्यांत पडायचा, ड्रिलचं वजन मनगटात उतरायचं.

"आधी भोक पाड! थेट स्क्रू घातलास तर वासा चिरेल!"

"पाडतेय!"

"तिरकं पाडतेयस!"

"तुम्हाला तिथून तिरकं दिसतं, कारण तुम्ही तिरके उभे आहात!"

आतून तोमेबाईंचा आवाज आला, "भांडा, भांडा. मला करमतंय."

रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तरेकडची एक फट सोडून चारी बाजू बंद झाल्या. सोमवारी दुपारी तोमेबाईंना पुढच्या खोलीत हलवलं आणि कपाटातली सुटी फळी सरकवून जनावर हुसकावायला माळ्यावर धुराचा डबा ठेवला. दहा मिनिटांनी वर धावपळ उडाली आणि फटीतून करड्या रंगाचं, नाकावर पांढरा पट्टा असलेलं लांबट जनावर बाहेर पडलं. पन्हळीवरून धावत गेलं, अंगणातल्या पर्सिमनच्या झाडावर उडी मारली आणि भर उन्हात पानांमध्ये दिसेनासं झालं. नोबुए लगेच चढली. शेवटचा तुकडा, अकरा स्क्रू. नेहमी आधी आंघोळ करणाऱ्या किसाबुरोनं त्या रात्री गरम पाणी आधी तिला सोडलं.

मंगळवारी दुपारी ती सासूला परत आपल्या खोलीत आणून पेज भरवत होती. तोमेबाईंनी तिसऱ्या घासाला तोंड फिरवलं.

"वर कोणीतरी रडतंय."

"वारा असेल."

"मी सहा पोरं काढलीत, नोबुए. वारा आणि पोर मला कळतं."

नोबुएनं चमचा खाली ठेवला. ऐकू आलं. बारीक, चिरका आवाज, थांबून थांबून. काल बाहेर पळाली ती आई होती.

किसाबुरो दारात येऊन उभा राहिला. त्यानंही ऐकलं. "दोन दिवसांत थांबेल," तो म्हणाला.

"थांबेल. आणि मग गुरुवारी नर्सबाईंना कसला वास येईल?"

"जाळी उघडू नकोस. एकदा भोक पडलेलं लाकूड परत स्क्रू धरत नाही."

"जाळी नाही उघडत. आतून जाते."

"वासे सोडून फळीवर पाय दिलास तर—"

"माहीत आहे."

ती कपाटात शिरली, सुटी फळी सरकवून माळ्यावर चढली. टॉर्च तोंडात धरली. छप्पर इतकं खाली होतं की गुडघ्यांवर आणि कोपरांवरच सरकावं लागत होतं. धुळीत जनावराची एक पायवाट पडलेली होती. पलीकडच्या टोकाला, नेमकं सासूच्या खोलीच्या वर, कोरड्या गवताच्या आणि चिंध्यांच्या ढिगाऱ्यात दोन पिल्लं होती. मुठीएवढी, पट्टे नुकते उमटलेली. एका चिंधीवर तिच्या हरवलेल्या एप्रनची फुलं होती.

तिनं हात लांब केला. पोचला नाही. एक वासा पुढं गेली. तिथं पाय टेकवताना नजर पिल्लांवर होती, आणि पाय वाशावर न पडता फळीवर पडला. लघवीनं कुजलेली फळी कसलाही आवाज न करता दबली, आणि नोबुएचा उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला.

खाली तोमेबाईंनी छतातून आलेला पाय पाहिला. पाय दोनदा हलला.

"नोबुए," त्या म्हणाल्या, "तुझा मोजा अंगठ्याला फाटलाय."

"आई, यांना हाक मारा!"

"किसा! तुझी बायको येतेय, पण अर्धीच आलीय."

किसाबुरो धावत आला. म्हणजे त्याला जेवढं धावता येई तेवढं. त्यानं स्टूल ओढलं, वर चढायला गेला, एका हातानं तोल सावरेना. उतरला. परत चढला. नोबुएची मांडी फळीच्या फाट्यांत अडकलेली. खाली ओढलं तर कातडी सोलवटणार, वर ढकलायला दोन हात हवेत. मोज्यावरून रक्ताचा एक ओघळ खाली आला आणि तोमेबाईंच्या पांघरुणावर टपकला. किसाबुरो स्टुलावर तसाच उभा राहिला, बायकोचं पाऊल उजव्या हाताच्या तळव्यावर तोलून धरून, म्हणजे तिच्या मांडीवर भार येऊ नये.

"दुखतंय?"

"दुखतंय."

"पाय टेक माझ्या हातावर. सगळा भार दे."

"तुम्ही पडाल."

"दे म्हणतो ना."

पाचेक मिनिटं गेली असतील. मग तो म्हणाला, "मी खाली उतरतो. फोन करायचाय."

"कुणाला?"

तो उतरला आणि गेला. नोबुएला वरून त्याचा आवाज ऐकू आला, तुटक, कारखान्यातल्यासारखा. "इशी? मी बोलतोय. ये. शिडी आण. ...हो, आत्ता."

इशिझाकी सात मिनिटांत आला, कामाचे हातमोजे काढायचंही त्याला भान नव्हतं. तो कपाटातून वर गेला, फळी करवतीनं सोडवली आणि नोबुएच्या काखेत हात घालून तिला मागे ओढलं. मग पिल्लं क्रेटमध्ये घालून खाली आणली. नोबुएच्या मांडीवर लांब ओरखडा होता, पण खोल नव्हता. तिनं तो धुतला, पट्टी बांधली आणि चहा टाकला.

ओसरीवर दोन्ही पुरुष बसले होते. दोघांच्या मधे, कठड्यावर, गुरुवारचे ते खिळे तसेच पडलेले होते. नोबुए चहा घेऊन आली तेव्हा किसाबुरोनं त्यातला एक उचलून इशिझाकीपुढे ठेवला.

"हा मी मारला होता."

"माहीत आहे, मुकादम."

"सत्त्याऐंशी साली तू स्टेनलेसच्या पत्र्याला लोखंडी बोल्ट लावलास, तेव्हा मी सगळ्या टोळीसमोर तुझ्या कानाखाली मारली होती."

"दोन मारल्या होत्या," इशिझाकी म्हणाला.

"दोन." किसाबुरोनं मान हलवली. "सात वर्षांपूर्वी जाळी आणली तेव्हा खिळे कमी पडले. बरोबर जातीचे बेटावर फक्त तुझ्याकडे होते. तुझ्याकडे मागायला यावं लागलं असतं. मी शेडमधले लोखंडी मारले. मारताना मला माहीत होतं."

इशिझाकीनं चहाचा घोट घेतला. उतारावरून कुणाच्या तरी संत्र्यांच्या गाडीची घरघर खाली आली आणि थांबली.

"मी त्या दिवशी घरी जाऊन रडलो होतो," तो शेवटी म्हणाला. "बायको पोटुशी होती. मी तिला सांगितलं, जिन्यावरून पडलो."

किसाबुरोनं उजवा हात गुडघ्यावर टेकवला आणि मान खाली घातली. त्याला पूर्ण वाकता येत नव्हतं. अंग डावीकडे कलंडायचं. तसाच कलंडलेला तो बराच वेळ राहिला. "माझं चुकलं," असं तो म्हणाला की फक्त श्वास सोडला, ते नोबुएला नीट ऐकू आलं नाही. इशिझाकीला ऐकू आलं असावं. तो उठला आणि म्हणाला, "फळ्या आहेत का घरात? नाहीतर माझ्याकडे देवदाराच्या आहेत."

संध्याकाळी नोबुएनं पिल्लांचा क्रेट पर्सिमनच्या झाडाखाली ठेवला आणि वर एक फाटकं पोतं टाकलं. सकाळी क्रेट रिकामा होता.

"मांजरानं नेली असतील," ती म्हणाली.

किसाबुरो वाकून बघत होता. "गवत दबलेलं नाही, रक्त नाही. पोतं नुसतं बाजूला सरकवलंय. आईच आली होती."

बुधवारी इशिझाकीनं माळ्यावरची घाण पोत्यांत भरून काढली, चुना मारला आणि नव्या फळ्या बसवल्या. किसाबुरो खालून एकेक फळी उचलून देत होता. गुरुवारी मिनागावा नर्स आली. छतातल्या पाच फळ्या पांढऱ्या होत्या, बाकीच्या काळपट. खोलीला देवदाराचा वास येत होता.

"हे कुणी केलं?"

"माझी सून पायानं आत आली," तोमेबाई म्हणाल्या, "म्हणून दार बदललं."

नर्सनं पाठ पाहिली. जुने चावे सुकू लागले होते, नवीन नव्हते. तिनं मलम दिलं, नोबुएची मांडीही बघितली, आणि कागदावर काहीतरी लिहून ते नोबुएला वाचायला दिलं. 'घरीच ठेवण्यास हरकत नाही' असं होतं. नोबुएनं ते दोनदा वाचलं. मग कागद घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला आणि बागेत गेली; अजून तीस झाडांची संत्री तोडायची होती.

नोव्हेंबर सरता सरता थंडी पडली. एके दिवशी तिन्हीसांजेला तिघं तोमेबाईंच्या खोलीत जेवत होती. मधे चूल नसली तरी विजेची शेगडी होती, भाजलेली मासळी होती, मिसोचं, आंबवलेल्या सोयाबीनचं, गरम कढण होतं. नोबुए सासूला चमच्यानं भरवत होती. तेवढ्यात पर्सिमनच्या झाडाची फांदी हलली आणि पन्हळीवर काहीतरी धप्पकन उतरलं.

तिघांनी माना वर केल्या.

पावलं उत्तरेच्या वळचणीकडे गेली. थांबली. मग तारेवर नखांचा आवाज आला: ट्रर्र, ट्रर्र. ओढून बघितल्यासारखा. पुन्हा एकदा, जोरात.

"ती तू लावलीयस," किसाबुरो हळूच म्हणाला.

नोबुएचा हात तसाच थांबला. जाळी हलली नाही. पावलं पूर्वेला वळली. तिथं कोपऱ्यावर बराच वेळ खुडबुड चालली.

"ही कड माझी," तो म्हणाला.

कड उकलली नाही. पावलं दक्षिणेवरून पश्चिमेला गेली. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून, प्रत्येक ठिकाणी एक-दोनदा ओढून. तिघांची तोंडं आवाजाबरोबर फिरत होती. शेवटी पन्हळ एकदा वाजली, फांदी हलली, आणि मग फक्त खालच्या किनाऱ्यावर लाटांचा आवाज उरला.

"गेली?" नोबुएनं विचारलं.

"गेली."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. किसाबुरोच्या तोंडावर काय होतं ते चाळीस वर्षांच्या संसारात नोबुएनं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तिला नाव देता येईना.

"अगं ए," तोमेबाई म्हणाल्या, "घास दे. मी कधीची तोंड उघडून बसलेय."